पालथा फोन कोणाचा

तीर्थरूप आत्या, तुला भाचीचा नमस्कार आणि तुझ्या गुडघ्याची वेगळी चौकशी. (जिना उतरताना कठडा धरतेस ना? बाबा म्हणतात, धरत नाहीस.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे एकमेकांशी बोलायला लागलो आहोत.

तुझ्या कानावर आलंच असेल, मी ज्या फोनच्या कंपनीत आहे तिने आपल्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, कंपनीवर पेटंटचा दावा ठोकला आणि त्याच्या कंपनीने उलट आमच्यावर. भांडण एवढंच, की वाजणारा फोन पालथा केला की गप्प बसतो, ही युक्ती मूळ कोणाची. आमच्या कागदांवर शोध लावणारी म्हणून माझं नाव, त्यांच्या कागदांवर त्याचं. दोन्हीकडच्या वकिलांनी सक्त ताकीद दिली, की साक्षी होईपर्यंत बहीणभावाने एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. आता मी वरच्या मजल्यावर, तो खाली आणि पाण्याचा पंप एक! बाबा निरोप्या झाले. "पंप बंद कर" हा निरोप वरून खाली पोचेपर्यंत टाकी भरून वाहायला लागायची. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा तर आम्ही दवाखान्यात एकाच बाकावर बसून मधल्या बाबांशी बोलत होतो. डॉक्टरांना वाटलं, बाबांना कमी ऐकू येतं. ते त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. (आईला आत नेलं तेव्हा धाकट्याने बाबांच्या पाठीमागून माझा हात घट्ट धरला. मनाई फक्त बोलायला होती.)

शेवटी साक्षीचा दिवस उजाडला. आमच्या वकीलबाईंनी माझ्याकडून सगळं चांगलं घोटून घेतलं होतं. मी खरं तेच सांगितलं: माझी मुलगी तान्ही होती, रडून रडून माझ्या हातांत नुकती झोपली होती, तेवढ्यात फोन वाजला आणि झटकन पालथा झाला, त्यावरून मला सुचलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, "पालथा केला कोणी?" शपथ घेतलेली, काय करणार. म्हटलं, "भावाने." वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. समोरच्या बाकांवर आनंदीआनंद! मग बाहेर बसवलेल्या धाकट्याला आत बोलावलं. त्याने तीच संध्याकाळ सांगितली आणि म्हणाला, "पालथा ताईने केला. बाळ माझ्या हातांत होतं." न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही दोघं नक्की कोणाच्या बाजूने आहात?" असं त्यांनी विचारलं.

दोन्ही कंपन्यांनी त्याच आठवड्यात तडजोड केली. मला फोनच्या खोक्यांच्या विभागात टाकलंय, धाकट्याला चार्जरच्या वायरींकडे. कोर्टातून आम्ही एकाच गाडीने आलो, वाटभर "तूच केलास", "नाही, तूच" म्हणत कडाकडा भांडलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तब्येतीला जप.

तुझी,
भाची

ता. क. बाबा आता म्हणतात, फोन त्यांनी पालथा केला. इतके दिवस बोलले नाहीत, कारण त्यांना कोणी विचारलंच नाही, नुसते निरोप पोचवायला लावले. त्यांनी वकील गाठलाय आणि दोन्ही कंपन्यांवर दावा लावणार आहेत. रविवारी तुझ्याकडे सल्ल्याला येतायत. तुझा शब्द ते मोडत नाहीत, तेवढं त्यांना आवर.

आणखी ता. क. तो फोन तुझा आला होता, यावर मात्र आमचं तिघांचंही एकमत आहे. रागावू नकोस.