देव्हाऱ्यातला विळा

चौसाळा, फसली १३३०. पौष शुद्ध ९
आणि वर माझ्या सुनेलाच बोल! तिचं दूध वाईट म्हणे, पायगुण वाईट म्हणे. तिचं, तुळजाचं, दुसरं लेकरू काल गेलं. पहिल्यासारखंच, सातव्या दिवशी — जबडा मिटला, अंग ताठ. सासूबाई म्हणाल्या, सटवीनं नेलं. घरात कुणी रडलं नाही. मीही नाही. भाकऱ्या थापल्या.

शुद्ध १३
कान ठणकतो म्हणून बीडच्या दवाखान्यात गेले. तिथल्या बाईला लेकराचं सांगितलं. म्हणाली, नाळ कशानं तोडता? म्हटलं, विळ्यानं. उकळून? म्हटलं, उकळायचा कशाला, देव्हाऱ्यातला आहे तो. बाळंतपणाला खाली काढायचा, पाचवीला हळदकुंकू वाहून तसाच परत ठेवायचा. धुतला तर वंश धुतला जातो म्हणतात.
ती म्हणाली, त्या घाणीनंच लेकरं जातात. सुईणीला धाडा, शिकवते.

वद्य १
आमची सुईण दगडाबाई. विचारलं, जाशील का बीडला?
"जाईन की. पाटलानं हो म्हणलं पायजे. आन पाटलीणबाई, विळा तुमचा हाय. म्या आणलेला न्हाई."

वद्य २
ह्यांना सांगितलं. सुपारी कातरत होते.
"त्याच विळ्यानं माझी नाळ तोडली. मी मेलो का?"
"आन तुमच्या आधीची दोन?"
अडकित्ता थांबला. मग म्हणाले, "गाव म्हणंल, पाटलाच्या बायकूनं देव चुलीवर शिजवला." स्वतःच हसले.

वद्य ३
सासूबाई जात्यावर होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दोन न्हाई. तीन." आणि पुन्हा खुंटा ओढू लागल्या.

वद्य ५
तुळजाची चोळी अजून दुधानं भिजते. दुसरी चोळी दिली.

वद्य ६
ज्वारी राखायला गेले. पाखरं हाकलली.

वद्य ९
आता खात्रीच झाली. मला दिवस गेलेत. सून ओली बाळंतीण अन् सासूला डोहाळे — या वयात. आनंद नाही, भीती नाही. काहीच वाटत नाही.
सकाळी विळा काढला, चुलीवर उकळला. सासूबाई बघत होत्या. उठल्या, चुलीत आणखी एक लाकूड सारलं.
ह्यांना तिथंच उभं करून सांगितलं — "पोटात तुमचं हाय. दगडाबाईला बीडला धाडता का न्हाई, ते अवसेच्या आत सांगा."