तसबिरीला कसर

२ जुलै १९५७
कसर! आणि लागली कुठं, तर तसबिरीलाच. बुद्धांचा उजवा हात गायब, गालावरचा कागदही खरवडलेला. काच काढली तर चार-पाच चंदेरी किडे सुळकन फळीमागे पळाले. गेल्या ऑक्टोबरात मी, माझी बायको पंचफुला आणि माय दीक्षेला नागपूरला गेलो, तेव्हा आणलेली ही तसबीर. घरी येऊन जुने देव नाल्यात सोडले आणि त्या जागी ही लावली. वर्षही झालं नाही.

चूक माझीच. फळीवर चिकटवली ती कणकेच्या खळीनं. खळीत मोरचूद घातलं नाही तर किड्यांना आयतं जेवण, हे शाळेत पुस्तकबांधणीच्या तासाला पोरांकडून मीच घोकून घेतो. घरी आनंदाच्या भरात विसरलो. मास्तर म्हणे!

४ जुलै
कडुलिंबाचा पाला कोंबला. उन्हात ठेवावी तर ऊन कुठं आहे? डांबरगोळ्या आणल्या, तर त्या वासानं पंचफुलाला उलट्या. नववा महिना लागलाय तिला. गोळ्या फेकल्या. किडे मजेत.

७ जुलै
डोमाजीकाका आले होते. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. दीक्षेला आले नाहीत, पण आमचं काही वाईट झालं की न चुकता येतात. तसबीर बघितली आणि मायला सांगत बसले — गावदेवी मातामाय कोपली म्हणून. मागचं बाळ सहाव्या दिवशी गेलं ते विसरलात का म्हणे. अहो, त्या बाळाच्या वेळी तर घरात सगळे देव होते! नवस, लिंबू, अंगारा, काय करायचं ठेवलं होतं? हे मी तोंडावर बोललो. काकांना ऐकू आलं नाही. त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.

माय काहीच बोलली नाही. काकांच्या बडबडीपेक्षा तिचं ते गप्प बसणंच मला जास्त लागलं.

११ जुलै
आखाडीची पौर्णिमा. गावातल्या बायका ताटं घेऊन मातामायकडे गेल्या. माय दारात उभी राहून बघत होती. मनात काय असेल ते दिसतंच की.

१५ जुलै
शाळेतून आलो तर भिंत रिकामी! तसबीर मायनं आपल्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता त्या जागी मातामाय बसव, म्हणजे झालं! जन्मभर लोकांच्या दारात उभी राहिलीस, अजून सवय जात नाही — हेही बोललो. नको ते बोललो.

"भिंतीले ओल हाय," एवढंच ती म्हणाली.

तुम्ही जरा जास्तच बोलता, असं पंचफुलानं ऐकवलं. म्हणजे या घरात वाईट कोण, तर मी.

१६ जुलै
माय बोलत नाही.

२० जुलै
मलेरियावाले डी.डी.टी. फवारून गेले. भिंती पांढऱ्याफटक. कसर मेली असेल. माणसांच्या डोक्यात जे किडे आहेत त्यांना कोणतं औषध मारायचं? आज काका पुन्हा आले होते. बाळंतपण जवळ आलं, निदान एक नारळ तरी ठेवा म्हणाले. मी उठून बाहेर गेलो. मायनं त्यांना काय उत्तर दिलं कोण जाणे. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. भाकरी तेवढी वाढते.

२३ जुलै
पहाटेपासून पंचफुला अडली आहे. सुईण म्हणते, मूल आडवं आहे. नाल्याला पूर, समुद्रपूरची मोटार बंद, म्हणजे नर्सबाईही येणार नाही. माय आत आहे. काका ओट्यावर बसून माझ्याकडे बघताहेत. आतून पंचफुलाचा आवाज येतो. ही गेली तर मी काय करू? लिहवत नाही.

२४ जुलै
सुईणीनं पोटावरून हात फिरवून मूल वळवलं आणि मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

काल दुपारी मी नारळ घेऊन मातामायकडे निघालो होतो. मी! अंगणात मायनं मला अडवलं. "म्या सोडली ना तिले? मंग तू काऊन चालला?" नारळ माझ्या हातातून काढून घेतला, विळ्यानं फोडला आणि खोबरं सुईणीला खायला दिलं.