निळ्या डब्यातली कॉफी

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
शनिवारी जिलेन कॉफीचा निळा डबा रिकामा झाला म्हणून दुकानात गेली आणि येताना पायरीवरून घसरली. घोटा मोडला. येत्या रविवारी हॉस्पिटलमधून सोडतील, पण दीड महिना पाय टेकायचा नाही.

मुलगी तुलूजहून धावत आली. सबीन म्हणते, आईला मी घेऊन जाते. मी म्हटलं, तिचं सगळं मी करीन. तर म्हणते कशी, बाबा, तुला साधी दूध-कॉफी तरी करता येते का? फार लागलं. शेवटी ठरलं असं: रविवारी सकाळी ती आईला आधी इथे आणणार. माझ्या हातची कॉफी आईने वाडगाभर प्यायली तर आई इथेच. नाहीतर दुपारची गाडी.

सोपं आहे. चाळीस वर्षं रोज सकाळी कॉफी पितोय, त्यातलं मला कळतं. अकरा वर्षांपूर्वी छातीचं ते प्रकरण झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, कॉफी बंद. मी एक थेंब कमी केला नाही. आजवर काहीही झालेलं नाही.

११.००
जिलेनच्या पिशवीत चिकोरीचं पाकीट निघालं. दुकानदाराचा घोटाळा. लढाईच्या दिवसांत कॉफी मिळेना तेव्हा माझी आई ही भाजलेल्या मुळांची पूड उकळायची. लग्न झालं त्याच आठवड्यात मी जिलेनला बजावलं होतं की या घरात ते चालणार नाही. पाकीट शेजारच्या मादाम देलकूरना देऊन टाकलं. त्या पाकिटाकडे बघत म्हणाल्या, नक्की देताय ना, मस्यू आशिल? बाईंना माझ्या उदारपणाची सवय नसावी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सगळ्यात काळी, महाग कॉफी आणली. दूध उतू गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. शेगडीत दोष आहे. कॉफी कडू झाली. पाव बुडवून पाहिला, तोही कडू.

कारण सापडलं. जिलेनचं कापडी गाळणं काळंकुट्ट आहे. इतकी वर्षं नुसतं पाण्याने खळबळते. उद्यापासून शिस्त.

बुधवार, ५ नोव्हेंबर
गाळणं बनियनांबरोबर मशीनमध्ये टाकलं. लॅव्हेंडरची पावडर. गाळणं पांढरं झालं, बनियन तपकिरी. कॉफीला लॅव्हेंडरचा वास येतोय. टाकवेना म्हणून दोन वाडगे प्यायलो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तीन प्रकारच्या कॉफ्या आणल्या. सहा वाडगे. एकालाही ती चव नाही. हात थरथरतायत, छातीत धडधड. जिलेनची काळजी लागली आहे, दुसरं काय.

हॉस्पिटलमध्ये सहज विचारल्यासारखं केलं, डब्यात कोणती भरतेस गं? तिने चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाली, पिशवीत पाकीट आहे ना, तेच घे, आणि दुसरं काही पिऊ नकोस. औषधांनी गुंगी आलेली दिसते. मी हो म्हटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. तरी सराव केला. पाच वाडगे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
अक्षर वाकडं येतंय. जिलेनचा काठाला टवका उडालेला वाडगा धुऊन टेबलावर मांडला. घरात आवाज म्हणून नाही. तिच्याशिवाय मला काही म्हणजे काही येत नाही. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय.

उद्या उठल्यावर ठाम राहायचं.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी २.३०
दूध उतू गेलं नाही. कडेने जरासं करपलं. जिलेनने एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि गिळला. सबीन घड्याळ बघत होती.

जिलेनने विचारलं, ही किती वाडगे पितोस रोज? मी खरं ते सांगितलं. ती पांढरी पडली. सबीनला म्हणाली, बाबाची नाडी बघ. मग म्हणाली, पाकीट कुठाय? मी सांगितलं. तेवढ्यात मादाम देलकूर दारात, हातात ते पाकीट, न उघडलेलं. म्हणे, मला वाटलंच होतं लागेल म्हणून.

निळ्या डब्यात अकरा वर्षं चिकोरीच होती. नुसती. कॉफीचा एक दाणा नाही. डॉक्टरांना माहीत होतं, सबीनला माहीत होतं, देलकूरबाईंनाही. मी म्हटलं, मला कळलं कसं नाही? सबीन म्हणाली, बाबा, तू रोज दुसरा वाडगा मागायचास.

मी वरून जिलेनची बॅग आणायला उठलो. हरलो तर हरलो. जिलेन म्हणाली, बस खाली. सबीनला म्हणाली, मी कुठे येत नाही. याला एकट्याला सोडलं तर महिनाभरात कॉफी पिऊन मरेल.

सबीन एकटीच गेली. जिलेन खुर्चीत पाय वर करून बसली आणि मला एकेक सांगत गेली. दोन चमचे. पाणी हळू. दुधापासून हलायचं नाही. मी हललो नाही.

चव तीच होती. दुसरा वाडगा मागितला.