नको म्हणायचा तास

३ फेब्रुवारी, सोमवार

हसून हसून पोट दुखतंय! आज आरोग्याच्या तासाला पी.टी.चे नागेंद्र सर आले, मूळचे धारवाडचे. विषय — दारू. आम्हाला वाटलं, झालं, आता फळ्यावर यकृत काढणार आणि आम्ही जांभया देणार. तर सर म्हणतात कसे, "यकृत नंतर. आधी नको म्हणायला शिका. मराठीत नको, कन्नडात बेड, हिंदीत नहीं. कुठल्याही भाषेत म्हणा, पण म्हणा!" मग जोड्या पाडल्या. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं नको म्हणायचं. दारूच्या जागी ताक.

माझ्यासमोर सौरव. अख्ख्या नववीत त्याच्याइतका हट्टी कुणी नाही. मी म्हटलं, "सौरव, आईनं तुझ्यासाठी मुद्दाम घुसळलंय रं. तू न्हाय घेतलंस तर ती आज जेवायची न्हाय." गडी घटाघटा प्यायला! त्याच्यानंतर जो आला तो पडला. शेवटी खुद्द सर उभे राहिले. मी मान खाली घालून म्हटलं, "धारवाडच्या माणसांना आमच्या खेड्यातलं ताक चालत न्हाय व्हय सर?" सरांनी ग्लास रिकामा केला आणि मग कपाळावर हात मारून घेतला! सगळे बाकं बडवत होते. मुख्याध्यापक बघायला आले.

४ फेब्रुवारी

मी आता कायमची आग्रह करणारी! सर म्हणाले, "तेजस्वीसमोर टिकला तो पास." मी हवेत!!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

यात्रा पुढच्या आठवड्यात. घराला रंग लागला, गल्लीत मांडव पडला, आणि आईचं मात्र कशातच लक्ष नाही. आज भांडी घासता घासता बोलली. आप्पांनी दिवाळीत गाडीवरून पडल्यावर दारू सोडली, ती अजून सोडलेलीच आहे. पण यात्रेत तिखटाच्या, म्हणजे मटणाच्या जेवणाला रवळूमामा येणार, आप्पांचे उद्यमबागेतल्या कारखान्यातले दोस्त येणार. घरच्या धन्यानं त्यांच्याबरोबर बसायचं नाही म्हणजे पाहुण्यांचा अपमान! "एवढी यात्रा निभली की मी सुटले गं," आई म्हणाली. मला एकदम रडू आलं. आप्पांनी पुन्हा सुरू केली तर? ते दिवस मला परत नकोत.

आणि मग डोक्यात आलं — अगं, मी आहे की!!

८ फेब्रुवारी

आप्पांची शिकवणी सुरू! मी रवळूमामा झाले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. ताकाचा ग्लास पुढे केला. "दाजी, बहिणीच्या दारात आलोय, एकट्यानं घिऊ व्हय?" आप्पा म्हणाले, "बरं, थोडं दे." नापास! आईनं पळी आपटली. मग स्वतःच हसायला लागली. किती दिवसांनी!

१० फेब्रुवारी

आज आप्पांनी मला हरवलं! मी रुसले, शपथ घातली, खोटं खोटं रडले, "मी हितनं उपाशी जातो" म्हणून चपलासुद्धा घातल्या. आप्पा हात जोडून एकच — "नको. तुम्ही बसा, मी वाढतो." पैकीच्या पैकी! शाळेत सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझे आप्पा खरे विद्यार्थी." हे आप्पांना सांगितल्यावर ते लाजले. लाजले!!

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपार

जिंकलो जिंकलो जिंकलो! तिखटाचा दिवस. घर पाहुण्यांनी गच्च, रस्शाचा वास पार रस्त्यापर्यंत. मामानं आल्या आल्या ग्लास पुढे केला. मी दाराआड, आई माझा दंड धरून. आप्पा — "नको." मामा — "एवढंसं, माझ्यासाठी." आप्पा — "नको रं. तू बस, मी वाढतो." कारखान्यातला शामूकाका ओरडला, "व्हय रं, डॉक्टर झालास काय?" सगळे हसले. आप्पा पण हसले आणि सरळ रस्शाची बादली उचलून पंगतीत शिरले! आईनं कांदा नसताना डोळे पुसले. मी परसात जाऊन एकटीच नाचले. कोंबड्या घाबरल्या.

अजून पाहुणे येतायत. रात्री आणखी मजा!

१३ फेब्रुवारी

काल संध्याकाळी गच्चीवर प्रियदर्शनी आक्का होती. मामाची मोठी मुलगी, कोल्हापुरात कॉलेजला आहे, मला जगात सगळ्यात जास्त आवडते. तिनं बिअरचा ग्लास पुढे केला. "घे गं, कोण बघतंय." मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. शाळेत काय, घरात काय, नको म्हणायची पाळी मी एकदाही घेतलेली नव्हती.

अर्धा ग्लास प्याले. खाली आप्पा अजून कुणाला तरी नको म्हणत होते.