खांद्यापर्यंतचे केस

शुन-ताक,
५ ऑक्टोबर १९८६

प्रिय आत्याआजी,

नमस्कार. तुमचं पत्र आणि आईच्या गुडघ्याचं मलम, दोन्ही पोचलं. मलम सिंगापूरचं आहे म्हणून आई ते वाटाण्याएवढंच लावते आणि गुणही वाटाण्याएवढाच येतो अशी तक्रार करते. बाकी सगळे बरे आहेत. घरामागच्या मासळीच्या तळ्यातला गाळ काढणं चाललंय, त्यामुळे गल्लीभर चिखलाचा वास आहे. शाळेत माझ्याकडे यंदा सहावीचा वर्ग आलाय. बाईंचं लग्न ठरलंय हे मुलांना कुठून कळलं कोण जाणे. परवा फळ्यावर नवरा-नवरीचं चित्र होतं आणि नवऱ्याच्या डोक्यावर विजेचा पंखा काढला होता. ची-हांग पंख्याच्या कारखान्यात आहे हेही त्यांना ठाऊक आहे.

तुम्ही विचारलंत, केस कुठवर आलेत. खांद्याला टेकलेत. कॉलेजातल्या फोटोत ते कानाच्या पाळीपर्यंत होते आणि तुम्ही लिहिलं होतंत, पदवी घ्यायला गेलीस की मुलगा व्हायला? तेव्हापासून कात्री लावलेली नाही.

पण या खांद्यापर्यंतच्या केसांनी घरात वाद लावलाय. आईला वाटतं, नवरीच्या डोक्यावर उंच अंबाडा हवाच. आपले केस पुरत नसतील तर विकतचा खोटा अंबाडा लावावा. तो तिने आणलासुद्धा. काळाभोर आहे, माझे केस त्याच्यापुढे धुवून विटल्यासारखे दिसतात. ची-हांगची बहीण म्हणते, आता असले अंबाडे कोण घालतं, सरळ कुरळे करून घे. ती मला केशकर्तनालयात घेऊन गेली होती. तिथे तारा लावलेल्या टोप्या घालून बायका रांगेने बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या नवऱ्याच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, लग्नाला मुलगी पाठवायची आहे मला, मेंढी नाही. ची-हांगला विचारलं तर तो म्हणाला, तू कशीही चांगलीच दिसतेस. बोलायला गोड आहे, पण याचा उपयोग काय?

मला तुमचंच पटलं. इतक्या केसांना उंच अंबाडा पेलत नाही, मानेवर खाली गुंडाळी घालायची, पुढचे केस एका बाजूने वळवून कानामागे न्यायचे आणि आकडे दिसू द्यायचे नाहीत. सिंगापूरला तुम्ही कामाला होतात त्या मालकिणीच्या धाकट्या मुलीचे केस एवढेच होते आणि तिच्या लग्नात तुम्ही हेच केलंत, असं तुम्ही लिहिलंय. आरशासमोर मी करून पाहिलं. डावीकडून सुटतं. तुमच्या हाताला ते जमेल.

इथवर लिहिलं आणि थांबले होते. उठून कपडे वाळत घालून आले. तुम्ही लग्नासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येणार म्हणून लिहिलंत, त्याबद्दल लिहायचं आहे. आई म्हणते, त्या दिवसांत हाँगकाँगहून येणाऱ्या बोटीला गर्दी असते. आपल्याकडे पाहुणे असणार, तुमची झोपायची आबाळ होईल. तुम्ही नव्या वर्षाला निवांत यावं.

आत्याआजी, तुम्हाला हे कारण खरं वाटणार नाही, आणि मला तुमच्याशी खोटं लिहिता येत नाही. झालं ते सांगते.

लग्नाच्या सकाळी नवरीचे केस विंचरायला सहावी काकू ठरली आहे. ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरते, नवरा, दोन मुलगे, दोन मुली, सासू-सासरे आणि तोंडातले दात, माझं सगळं जागच्या जागी आहे, माझ्याहून भाग्याची बाई आणणार कुठून? गेल्या रविवारी ती आली होती. मी सहज म्हटलं की काकूला कशाला त्रास, आत्याआजी येतायत, त्या विंचरतील. काकू उठून आईच्या कपात चहा ओतायला लागली. कप भरलेलाच होता.

मग आई हळू आवाजात समजावू लागली. त्यांनी लग्न नाकारलेलं, त्यांचा हात नवरीच्या डोक्याला लागू नये, त्या वेळी त्या खोलीतही नसलेल्या बऱ्या, सासरचे विचारतील. मी कॉलेजात शिकलेलं सगळं बोलले. या घराच्या भिंती कुणाच्या पैशाने उभ्या राहिल्या, मी कुणामुळे शिकले, तेही बोलले. शेवटी मी म्हटलं, मग कुणीच नको, माझे मी विंचरते. टेबलावर फणी होती ती उचलली आणि केस वर घ्यायला लागले.

आईने फणी माझ्या हातातून हिसकावली. म्हणाली, “ठेव ती. घरात एक पुरे.”

मला आधी कळलंच नाही. मी रागाने फणी उचलली होती, बाकी मनात काही नव्हतं. मग लक्षात आलं. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही क्वान-याम देवीपुढे वेणी सोडलीत आणि लग्नात दुसरीने बांधायचा अंबाडा आपल्याच हातांनी बांधलात, म्हणजे हेच. कुणाची बायको होणार नाही असं बोलून नाही, विंचरून सांगितलंत. लहानपणी मला वाटायचं, ती केवढी धिटाईची गोष्ट. त्या रविवारी पहिल्यांदा मनात आलं की तेव्हा तुमच्या मागे कोण उभं होतं? फणी कुणी हातात दिली?

आईने लिहायला सांगितलं ते मी लिहिलं. आता माझं सांगते. तुम्ही या. मालकिणीच्या मुलीला तुमचा हात बाधला नाही, तिला आता तीन मुलं आहेत, हे तुम्हीच कळवलंय. मी आईला पटवीन. अजून वेळ आहे.

तुमची वाट पाहणारी,
लाय-कुएन


कारखान्याची वसाहत,
७ डिसेंबर १९८६

प्रिय आत्याआजी,

नमस्कार. तब्येत कशी आहे? इकडे थंडी पडली आहे. ची-हांग कामावर गेलाय आणि मी नव्या घरात पहिल्यांदा एकटी बसले आहे. खोली चांगली आहे, खिडकीतून कालवा दिसतो. शेजारीण आज दारात येऊन गेली. माझं नाव तिने विचारलं नाही, ची-हांगची बायको ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

तुमचं उत्तर लग्नाच्या आधी मिळालं होतं. लगेच लिहायला हवं होतं, पण जमलं नाही. मी आईशी भांडायची सगळी तयारी केली होती. ची-हांगलाही माझ्या बाजूने वळवलं होतं. तो म्हणाला होता, येऊ देत त्यांना, माझ्या आईला मी बघतो. आणि मग तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिलंत, “त्या घरात मी नोकर होते. नोकराचा हात कुणी मोजत नाही. तू माझ्या भावाची नात आहेस. तुझ्या केसांना हात लावला आणि पुढे तुला काही झालं, तर मला कुणी दोष देणार नाही, पण मी देईन.”

मी ते आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं होईल. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलं किसत राहिली. तेवढं आलं लागणार नव्हतं.

लग्नाच्या सकाळी सहाव्या काकूने विंचरलं. मला खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. प्रत्येक फणीला एक आशीर्वाद म्हणायचा आणि फणी मुळापासून टोकापर्यंत न्यायची. काकूचा मुला-नातवंडांचा आशीर्वाद लांबलचक आणि माझे केस आखूड. फणी खांद्यावर पोचून थांबायची आणि ती उरलेले शब्द हवेत म्हणायची. “अगं, जरा वाढवायचे तरी होतेस, माझी मुलं-नातवंडं मध्येच अडकली,” असं ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. ती वाईट बाई नाही.

मग आई खोटा अंबाडा घेऊन पुढे आली. मी तिला तुमचं पत्र आठवून सांगायला लागले, खाली गुंडाळी, एका बाजूने वळण. तिने अंबाडा पलंगावर ठेवला आणि आकडे मागितले. ती म्हणाली, “आत्यांनी लिहिलंय तसं करायचं ना? सांग, आधी कुठून?” मी सांगत गेले, ती करत गेली. डावीकडून सुटलंच, तिथे तिने चार आकडे जास्त लावले. ते फोटोत दिसतील, तेवढं माफ करा. फोटो सोबत आहे.

दिवसभर लोक विचारत होते, असे केस कुणी बांधले? आई प्रत्येकाला म्हणत होती, आमच्या सिंगापूरच्या आत्यांनी. लोकांना वाटलं, तुम्ही आला आहात. एकीने तर तुम्हाला शोधलं. ती विचारत आली, कुठे बसल्यात त्या? जेवणाच्या टेबलांभोवती माणसंच माणसं होती आणि मी सगळीकडे पाहत होते, जणू तिने विचारलं म्हणजे तुम्ही असालच.

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे माहेरी जाऊन आले. आता इथे रोज सकाळी कालव्याकडे तोंड करून मी माझे केस विंचरते. माझ्याच हातांनी, माझीच फणी. ते बघून कुणी फणी हिसकावत नाही. बायको झालेल्या बाईने आपले केस कसे विंचरावेत याची कुणाला पर्वा नसते, आत्याआजी. त्या एका सकाळपुरतीच ती सगळी भीती होती, आणि तेवढ्यासाठी आपण दोघी दोन किनाऱ्यांवर राहिलो.

म्हणून विचारते. मी आता नवरी नाही. तुमच्या हाताने माझं काही बिघडण्यासारखं उरलेलं नाही, तुमच्या हिशेबानेसुद्धा. नव्या वर्षाला या. इथे एकच पलंग आहे, तो तुमचा. मी खुर्चीत पाठ करून बसेन, तुम्ही नुसते विंचरा. आशीर्वाद म्हणू नका, काही बांधू नका.

आणि नाहीच आलात, तर एवढं कळवा, की देवीपुढे वेणी सोडलीत त्या दिवशी तुमचे केस तुमच्या मागे उभं राहून कुणी पाहिले होते का.

तुमच्या भावाची नात, आणि अजूनही फक्त तुमचीच,
लाय-कुएन