डबीतला आवाज

दौंड, रविवार, दिवेलागण

अण्णांनी आज डबी माझ्याकडं परत सरकवली.

घशाच्या कॅन्सरमुळं त्यांचं स्वरयंत्र काढणार हे कळल्यावर मीच ती बनवली होती. आराखडा कुणा अनोळखी माणसानं नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. मी फक्त चिप प्रोग्राम केली, बटणं जोडली आणि ऑपरेशनच्या आधी अण्णांच्याच आवाजात शब्द भरले. पाणी. दुखतंय. नको. जय भीम. किती खूश होते मी!

सकाळी शेजारचे काका भेटायला आले. अण्णांनी बटण दाबलं. रेल्वे कॉलनीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा तोच खणखणीत 'जय भीम!' काका दचकले आणि तोंडावर रुमाल धरून रडायलाच लागले. 

काका गेल्यावर अण्णांनी डबी माझ्याकडं सरकवून पाटीवर लिहिलं, 'हा माणूस मेला. पुसून टाक.'

"पुसू नगं गं," आई म्हणाली. "मला तरी ऐकू दे."

मी काय करायला हवं होतं? अण्णांचा आवाज आईच्या मोबाईलमध्ये घेतला आणि डबीत माझा भरला. अण्णांनी 'पाणी' दाबलं. माझाच आवाज मला पाणी मागत होता. मी तांब्या दिला. त्यांनी मान डोलावली, बरं वाटल्यासारखी.

आता आई मोरीत मोबाईल कानाला लावून बसलीय. अण्णांना कळू नये म्हणून तिनं नळ सोडून ठेवलाय. पण कान त्यांचे शाबूत आहेत. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेत.