पत्त्यातून गाळलेलं पुलगाव

१२ ऑगस्ट, मंगळवार
नव्या क्रीडा मंडळाची बैठक वर्ध्याला, आमच्याच कॉलेजात. नागपूरकडची दोन मोठी खाजगी विद्यापीठं, आम्ही, आणखी चार-पाच कॉलेजं. मंडळात असाल तरच स्पर्धा खेळता येणार, आणि वरच्या संघांसाठी खेळाडू निवडणारेही तिथेच येणार. आत यायला तीन वर्षांत संशोधनाचे दहा पेपर हवेत. अट विद्यापीठांची (आपण कुणाबरोबर खेळतो त्यावरही आपलं नाव ठरतं म्हणे), शब्द माझे. संशोधन कक्षाची प्रमुख मीच ना.
पुलगावच्या कॉलेजचे नऊ भरले. बाहेर.
मुलींचा खो-खो त्यांच्याइतका जिल्ह्यात कुणाचा नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक. कुणी बोललं नाही. मीही नाही.
खरं लिहायचं तर त्यांच्या यादीत दहा होते. एक मी काटला. लाल पेनने.

१३ ऑगस्ट, बुध.
काल लिहिताना तिथेच थांबले. आज लिहिते.
तो पेपर विहिरींच्या पाण्यावरचा. नावं दोन. माझं आणि पुलगावच्या मेश्राम सरांचं. सर रसायनशास्त्र शिकवतात, आणि कॉलेजात खेळाचा शिक्षक नाही म्हणून खो-खोही तेच बघतात. दोन उन्हाळे ते गावोगाव फिरून पाण्याच्या बाटल्या भरून आणत होते. सोबत टीमच्या मुली. मी इथे पंख्याखाली बसून तपासलं, इंग्रजीत लिहिलं. पाठवताना दोघांच्या नावाखाली पत्ता एकच टाकला, आमच्या कॉलेजचा. त्या वर्षी आमच्या कॉलेजचा दर्जा ठरवणारं मानांकन होतं. प्राचार्य म्हणाले, पेपर पूर्ण आपलाच दिसू द्या. सरांना विचारलं नाही.
छापील पत्त्यात पुलगाव नाही, म्हणून तो पुलगावचा पेपर नाही. नियमाने बरोबर काटला. नियमही मीच लिहिलेला.

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदनाहून आले तर सरांचा फोन. वाटलं, आता विचारतील.
"मॅडम, एकच कमी पडला म्हणते. खो द्याले पेपर लागते का हो?" हसले. मीही हसले. मग म्हणाले, "बाकी काही नाई. आमच्या कॅप्टनचं, साक्षीचं, हे शेवटचं वर्ष हाये. म्हणून जीव तुटते."
मी म्हटलं, बघते. काय बघणार होते?

१९ ऑगस्ट, मंगळ.
प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.
"पत्त्याची दुरुस्ती मागितली तर मानांकनात आपण काय दाखवलं तेही निघेल. आणि मॅडम, तुमची प्रोफेसरच्या बढतीची फाईल? त्यात पहिला पेपर तोच ना?"
तोच.
"मग? खो-खोसाठी कॉलेजचं नाव घालवता का?"
बाहेर आले तर हलकं वाटत होतं. मी सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं, संपलं. हे हलकं वाटणं मुद्दाम लिहून ठेवते. त्याचीच जास्त लाज वाटते.

२१ ऑगस्ट, गुरु.
जेवताना नवऱ्याला सांगितलं. सुधीर म्हणाला, "आता काऊन? आधी प्रोफेसर हो, मंग लिहिजो पत्र." वाईट माणूस नाही. माझ्या बाजूचा आहे, एवढंच.
पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहून ठेवलं. पाठवलं नाही.

२४ ऑगस्ट, रवि.
काल तान्हा पोळा झाला. आज एस.टी.ने पुलगावला गेले. मैदान ओलं, तरी मुली खेळत होत्या. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने काळे. सरांना कडेला घेऊन सगळं सांगितलं. लाल पेनसुद्धा.
ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.
"छापून आला तवाच दिसलं होतं मले. वाटलं, छापणाऱ्याची चूक असन. आमचे प्राचार्य साहेब म्हणे, वर्ध्याच्या मॅडमनं तुमाले फसवलं. म्या भांडलो त्यायच्याशी. म्हटलं, मॅडम तशा नाईत."
मी म्हटलं, पत्र लिहिलं आहे.
"धाडलं का?"
"नाही."
"मंग मले काऊन सांगून राह्यल्या? ज्यायचं गेलं त्या पोरींले सांगा."
साक्षी धावत आली, पाया पडायला वाकली. "मॅडम, आमचं काही होईन का?"
पाहू, म्हटलं. आणि स्टँडकडे निघाले. सर मैदानातून बघत होते.

२५ ऑगस्ट, सोम.
पत्र पाठवलं. नियतकालिकाला, मंडळाला, प्राचार्यांनाही. पुलगावचा पत्ता मी जाणूनबुजून गाळला, असं लिहिलं. "जाणूनबुजून" दोनदा खोडलं, दोनदा परत टाकलं. राहिलं शेवटी.

२९ ऑगस्ट, शुक्र.
प्राचार्यांनी माझ्याकडून संशोधन कक्षाची किल्ली मागून घेतली. प्रोफेसरची फाईल सध्या थांबवली. सुधीर तीन दिवस बोलला नाही, आज चहा करून दिला.
शिपाई म्हणाला, "मॅडम, हिंमत केली तुमी." त्याला काय सांगू, किती उशिरा केली.

३१ ऑगस्ट, रवि.
परत पुलगाव. मुलींना गोल बसवून सांगितलं. सोपं करून सांगायला गेले, तर आणखीच वाईट वाटत गेलं.
एक बारीकशी मुलगी म्हणाली, "त्या बाटल्या तं आमी भरल्या होत्या." आणि उठून गेली. तिच्यामागे आणखी दोघी.
साक्षी बसून राहिली. "मंग आता?"
सरांनी शिट्टी वाजवली, सराव सुरू केला. मला कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

७ सप्टेंबर, रवि.
नियतकालिकाचं उत्तर दोन ओळींचं, विचार चालू आहे. मंडळाची बैठक उद्या सकाळी दहा वाजता, मला खुलाशाला बोलावलंय. पहिला सामना उद्याच अकरा वाजता, आमच्या मैदानावर. वेळापत्रकात पुलगाव नाही. एका विद्यापीठाचा माणूस फोनवर म्हणाला, एकासाठी अट वाकवली तर रांग लागेल. अट वाकवायची नाहीच आहे, म्हटलं, मोजणी चुकली आहे. मी चुकवली आहे. तो म्हणाला, बघू.
संध्याकाळी साक्षीचा फोन. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.
"मॅडम, उद्या आमी साऱ्याजणी येऊन राह्यलो. सर म्हणते, पाहाले तं जाऊ."
"या ना."
 "खेळाचे कपडे आणू का? का साध्याच कपड्यात येऊ?"
"आण," म्हणाले.
कुणाच्या भरवशावर म्हणाले, कोण जाणे.